"थोडं थांबा" म्हणणारा विक्रेता

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज मिळाला. दीड महिना झाला तरी कीबोर्डचा पत्ता नाही, आणि विक्रेता म्हणतोय, "थोडं थांबा, पार्सल वाटेत आहे." वाचून हसूच आलं. हेच वाक्य मी गेल्या वर्षी तीनदा गिळलं होतं.

माझा होता ट्रायपॉड. एके दिवशी ट्रॅकिंगवर हिरव्या अक्षरांत "डिलिव्हर्ड" उमटलं. दारात मात्र काहीच नाही. चिडून तेच पान खालपर्यंत सरकवलं, तर बारीक अक्षरांत वजन: ४० ग्रॅम. दोन किलोचा ट्रायपॉड! ही चलाखी जुनीच आहे. तुझ्याच भागातल्या भलत्या पत्त्यावर रिकामं पाकीट धाडायचं, की कागदोपत्री माल पोचला. मी कुरिअरकडून वजन आणि पिनकोड लेखी मागून घेतले आणि तेवढ्यावर पैसे परत मिळाले.

तू आता त्याच्याशी चॅट करत बसू नकोस. साइटवर "वस्तू मिळाली नाही" ही तक्रार आजच टाक. ईबेसारख्या ठिकाणी डिलिव्हरीच्या शेवटच्या अंदाजित तारखेनंतर ३० दिवसच मिळतात. "थोडं थांबा"चा खरा अर्थ तोच: ही मुदत निघून जावी. पेपॅलने पैसे दिले असशील तर पैसे दिल्यापासून १८० दिवस आहेत, पण डिस्प्यूट (म्हणजे विक्रेत्याविरुद्धची पहिली तक्रार) उघडल्यावर २० दिवसांत त्याचा क्लेम (म्हणजे पेपॅलनेच निकाल द्यावा ही मागणी) केला नाहीस तर तो आपोआप बंद होतो. बंद झालेला पुन्हा उघडत नाही. म्हणूनच ही मंडळी गळ घालतात, "आधी तक्रार मागे घ्या, लगेच पैसे पाठवतो." मी घेणारच होतो, बायकोने अडवलं म्हणून वाचलो. पैसे खात्यात दिसेपर्यंत अजिबात ऐकू नकोस.

कार्डाने दिले असशील तर बँकेत चार्जबॅक, म्हणजे व्यवहार उलटवून पैसे परत, मागता येतो. माल यायला हवा होता त्या तारखेपासून साधारण १२० दिवस धरून चाल. फक्त दोन्हीकडे एकदम भांडू नकोस. बँकेत गेलास की साइटवाले बहुधा आपली फाइल मिटवतात. आधी साइट, तिथे नाही जमलं तर बँक.

आणि एक खरं सांग, "साइटबाहेर व्यवहार करू, स्वस्त पडेल" असं तो म्हणाला होता का, आणि तू ऐकलंस का? तसं असेल तर साइटवाले हात वर करतील, मग थेट बँकच गाठ.

लिस्टिंगचे आणि चॅटचे स्क्रीनशॉट आत्ताच काढ, ती कधीही उडू शकते. तक्रार क्रमांक आला की कळव.

तुझाच,
ट्रायपॉडवाला