विमानात सात माणसं होती

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘डॅमबस्टर्स’वरचा, म्हणजे मे 1943 मध्ये जर्मनीतली धरणं फोडायला गेलेल्या ब्रिटिश हवाई दलाच्या तुकडीवरचा लेख वाचला. काल दिवसभर स्वतःला समजावलं, की वयाप्रमाणे आपली चिडचिड वाढली आहे, सोडून द्यावं. आज सकाळी पुरवणी रद्दीत टाकताना पुन्हा नजर गेली आणि राहवलं नाही.

‘मोहिमेवर गेलेल्या 133 वैमानिकांपैकी 53 शहीद झाले,’ असं तुमचे लेखक लिहितात. विमानं 19 होती. म्हणजे एकेका विमानात सात-सात वैमानिक! पुण्यातल्या पीएमपीच्या बसमध्येसुद्धा ड्रायव्हर एकच असतो आणि कंडक्टरला कोणी ड्रायव्हर म्हणत नाही.

ती विमानं लँकेस्टर बाँबर होती. लँकेस्टरमध्ये पायलट एक. बाकीचे म्हणजे फ्लाइट इंजिनिअर, नॅव्हिगेटर, वायरलेस ऑपरेटर, बॉम्ब एमर आणि दोन गनर. मोहिमेचा प्रमुख पायलट गिब्सन याच्याबद्दलचं ‘गिब्सनने साठ फुटांची उंची अचूक राखली’ हे वाक्य छानच आहे. कशी राखली, तेवढं सांगायचं राहिलं. विमानाच्या पोटाखाली दोन दिवे बसवले होते. त्यांचे झोत पाण्यावर एकमेकांना भिडले की उंची साठ फूट. आता रात्री, समोरून तोफा चालू असताना, पायलट जर खाली वाकून दिवे बघत बसला असता तर विमान धरणाच्या तळाशी गेलं असतं. ते बघायचं काम नॅव्हिगेटरचं. उजव्या खिडकीच्या काचेच्या फुगवट्यातून तो खाली बघायचा आणि सांगत राहायचा, खाली घे, अजून खाली, बस. वेगावर लक्ष फ्लाइट इंजिनिअरचं, बॉम्ब सोडायचा बॉम्ब एमरने. गिब्सनच्या शेजारी-मागे ही सगळी मंडळी होती. त्याच्या नॅव्हिगेटरचं नाव टेरी टेरम, कॅनडाचा. चारच महिन्यांनी, सप्टेंबर 1943 मध्ये, दुसऱ्या पायलटबरोबर जाऊन तो मेला. लेखात तो नाही.

मोहिमेतला दुसरा एक पायलट, हॉपगुड, याची वासलात तर तीन शब्दांत लावली आहे: ‘हॉपगुडही कामी आले’. हॉपगुड वयाने 21. त्याच्या विमानाला वाटेतच गोळे लागले होते, वायरलेस ऑपरेटर मिंचिनचा पाय निकामी झाला होता. तरीही ते मोने नदीवरच्या धरणापर्यंत गेले. विमान पुन्हा टिपलं गेलं, बॉम्ब भिंतीवरून उडी मारून पलीकडच्या वीजघरावर पडला आणि पंखाने पेट घेतला. हॉपगुडने जळतं विमान जमेल तितकं वर नेलं, मागच्यांना उडी मारता यावी म्हणून. बॉम्ब एमर फ्रेझर पुढच्या झडपेतून बाहेर पडला. मागे रिअर गनर बर्चर होता. मिंचिन सरपटत त्याच्यापर्यंत आला होता. बर्चरने त्याच्या पॅराशूटची दोरी ओढून त्याला बाहेर ढकललं आणि मग स्वतः उडी घेतली. शेपटीवर आपटून त्याचा पाठीचा कणा मोडला, पण तो वाचला, फ्रेझरही वाचला, दोघे कैदेत गेले. मिंचिन वाचला नाही. नॅव्हिगेटर अर्नशॉ, फ्लाइट इंजिनिअर ब्रेनन, पुढचा गनर ग्रेगरी आणि हॉपगुड विमानाबरोबर गेले. हे सगळे तुमच्या त्या ‘ही’मध्ये बसवायचे का?

मला एवढं झोंबायचं कारण सांगतो. मी हवाई दलात कॅनबेरावर नॅव्हिगेटर होतो. आमच्या त्या बाँबरमध्ये माणसं दोन. पायलट वर काचेच्या घुमटाखाली, नॅव्हिगेटर खाली नाकाडात, नकाशांपाशी. पायलटला इजेक्शन सीट होती, आम्हाला नव्हती. वेळ आलीच तर आम्ही उजव्या बाजूच्या दारापर्यंत जाऊन बाहेर पडायचं. विमान सरळ राहिलं तर. तेव्हा मिंचिन सरपटत कसा गेला असेल, हे मला लेख वाचून कळायची गरज नाही.

एकदा रजेवर असताना माझा पायलट माझ्याबरोबर गावी आला होता, सातारा बाजूला. 26 जानेवारी होती. माझ्याच शाळेत झेंडावंदनाला दोघांना बोलावलं. त्या पंजाबी पोराला शाल, श्रीफळ, हार. मला गुलाबाचं फूल. ओळख करून देताना गुरुजी म्हणाले, ‘आणि हे आपले माजी विद्यार्थी, साहेबांना नकाशा दाखवतात.’ पोरांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी आईने विचारलं, ‘म्हणजे तू चालवत नाहीस होय?’ त्या नारळाची मेसमध्ये बर्फी झाली. मी खाल्ली नाही. आता हसू येतं, पण पूर्ण येत नाही.

तर लेखाच्या शेवटी ‘गिब्सन 1944 मध्ये विमान कोसळून वारले’ असं आहे. ते मॉस्किटो होतं. शेजारी जिम वॉरिक होता, नॅव्हिगेटर. हॉलंडमध्ये स्टेनबर्गेनला दोघांच्या कबरी शेजारी-शेजारी आहेत. दफन करणाऱ्यांना जे सुचलं ते तुमच्या लेखकाला सुचू नये! ब्रिटिश हवाई दलाच्या बाँबर कमांडचे 55,573 लोक त्या युद्धात मेले. सगळे काय पायलट होते?

जाता जाता. धरण फुटल्यावर खालच्या खोऱ्यात हजारावर माणसं बुडाली, त्यात जर्मनांनी पकडून आणलेल्या परदेशी मजूर बायका मोठ्या संख्येने होत्या. लेखात धरण नुसतं ‘यशस्वीपणे फुटलं’. 1961 चं पानशेत पाहिलेल्या शहराच्या वर्तमानपत्राने तरी एक ओळ द्यायला हरकत नव्हती.

लेखाबरोबरचं छायाचित्रही लँकेस्टरचं नाही. ते अमेरिकेचं बी-17 आहे. लँकेस्टरच्या शेपटीला दोन उभे पंख असतात, तुमच्या चित्रात एक आहे. दुरुस्ती छापावी ही विनंती. मागे एकदा माझं पत्र छापलंत, आभारी आहे, पण खाली ‘निवृत्त वैमानिक’ असं आपल्याच मनाने घातलंत. या खेपेला मी लिहिलंय तेच राहू द्या.

आपला,
एक निवृत्त नॅव्हिगेटर
धानोरी, पुणे