बाळापूरच्या किल्ल्याला सिमेंट नको, चुनाच लावा

संपादक साहेब, नमस्कार,

मागच्या रविवारी भाच्याला बाळापूरचा किल्ला दाखवायला नेलं होतं. मन आणि म्हैस नदीच्या संगमावर उंचावर उभा आहे, आणि आपल्याकडं किल्ला म्हटला की दगड, पण हा विटांचा. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा यानं काम काढलं आणि १७५७ साली एलिचपूरच्या (आजच्या अचलपूरच्या) नवाब इस्माईलखानानं पुरं केलं. एकात एक दरवाजे, वर बुरूज, पाहून भाचा तर गप्पच झाला. मग भिंतीवर हात फिरवत म्हणे मामा, या विटा एवढ्या पातळ कशा, आणि यांना धरून कोणी ठेवलं?

धरून ठेवलं चुन्यानं. माझे आबाजी गवंडी होते म्हणून सांगतो. बैल जुंपून दगडी चाकाच्या घाणीत चुना, रेती, सुरखी (विटांचा चुरा) मळायची, त्यात गुळाचं पाणी अन् बेलफळाचा गर टाकायचा, आणि दिवसेंदिवस भिजवून मगच भिंतीला हात लावायचा. असा चुना श्वास घेतो, विटेतली ओल त्यातून निघून जाते.

आता माझी काळजी सांगतो. आमच्या गावच्या गढीची विटांची भिंत एका ठेकेदारानं दुरुस्तीच्या नावाखाली सिमेंटनं लिंपली, तेव्हा सगळ्यांना वाटलं लय मजबूत झाली. दोन पावसाळे गेले अन् सिमेंटचा पापुद्रा धरून ओढला तर मागची वीट पिठासारखी हातात आली! ओल बाहेर पडायला जागाच नाही, ती विटेतच अडकली, लोणा (ओलीसोबत येणारे खारट क्षार) फुटला अन् वीट आतून खाल्ली. वरून पाहाल तर भिंत धडधाकट. तीनशे वर्षांची वीट आम्ही दोन पावसाळ्यांत घालवली, अजून जीवाला लागतं.

म्हणून हात जोडून विनंती, किल्ल्याच्या डागडुजीचं टेंडर निघेल तेव्हा त्यात चुना आणि सुरखी स्पष्ट लिहा, सिमेंटचं एक पोतंही आत जाऊ देऊ नका. चुन्याचं काम येणारे म्हातारे गवंडी आमच्या भागात अजून दोन-चार आहेत, त्यांच्या हाताखाली पोरं आताच लावा, ते गेल्यावर कोणाला विचारणार?

आबाजींच्या घाणीचं दगडी चाक आमच्या वावराच्या धुऱ्यावर पडून आहे. किल्ल्याच्या कामाला लागत असेल तर ट्रॅक्टरवर टाकून मीच आणून देतो, भाडं नको.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. बाळापूर, जि. अकोला