चौथ्या विहिरीवर खडा ठेवणाऱ्या आजींना

रविवारी आमच्या गावच्या देवळात पाण्यावर दिवसभराची बैठक झाली. चालवायची जबाबदारी माझी होती आणि अकरा वाजेपर्यंत मी ती पार घालवली होती. खुर्च्या रांगेत, माईक माझ्या हातात, बाया खांबाआड. सगळे गप्प.

न विचारता खुर्च्या उचलून जाजम अंथरणाऱ्या काकांचे आधी आभार. सगळे गोल बसले आणि माईक लागलाच नाही.

मग रांगोळीनं गावाचा नकाशा काढला. ग्रामविकासाचे अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी जगभर पोचवलेली ही रीत मी फक्त वाचली होती. मी तीन विहिरी दाखवल्या. एक आजी उठल्या, पदर खोचला, चौथ्या जागी खडा ठेवला. "ही होळी झाली की आटत्या बघ. तू कवा पाणी भरलास?" तिथून बैठक त्यांनीच चालवली. (मलप्रभा नदी आपल्याच खानापूर तालुक्यात (जि. बेळगाव), कणकुंबीला उगम पावते. तरी उन्हाळ्यात घागरींची रांग आहेच.)

कन्नड बोलणाऱ्या बायांना प्रत्येक वाक्य समजावून सांगणाऱ्या ताई, तुमच्यामुळे मला थांबून थांबून बोलायला लागलं. ते मराठीवाल्यांनाही बरं पडलं म्हणे!

जेवणानंतर लगेच चर्चा ठेवली, ती माझी चूक. निम्मे पेंगले. कडक चहा आणणाऱ्या पोरांनो, वाचवलंत.

जाजम आणि एक झारा माझ्याकडे राहिलाय. ज्यांचा असेल त्यांनी संध्याकाळी घेऊन जावा.