जुलाबाला प्रतिजैविक, रक्ताकडे मात्र दुर्लक्ष

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की लहान मुलांचे जुलाब वाढतात आणि ऑफ्लोक्सासिन-ऑर्निडाझोलच्या मिश्रणाच्या बाटल्या औषध दुकानांतून चिठ्ठीशिवाय सर्रास विकल्या जातात. ऑफ्लोक्सासिन हे प्रतिजैविक ‘शेड्यूल एच’मध्ये, म्हणजे फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत मोडत असल्याने हे बेकायदा आहेच, पण ज्या मुलाला ते पाजले जाते त्याला बहुधा त्याची गरजही नसते. पाण्यासारखे जुलाब बहुतेकदा विषाणूंमुळे होतात आणि त्यांवर प्रतिजैविकांचा काडीचाही उपयोग नसतो. तिथे लागते ते ओआरएस, न तोडलेले अंगावरचे दूध, नेहमीचे जेवण आणि १४ दिवस झिंक. आशाताईंकडे ओआरएस आणि झिंक दोन्ही फुकट मिळतात, हे किती पालकांना ठाऊक असते?

याउलट शौचातून रक्त व आव पडू लागते, मूल कुंथते, तापाने फणफणते, तेव्हा मात्र ‘दात येताहेत’ किंवा ‘उष्णता झाली’ म्हणत घरगुती उपायांत दोन-तीन दिवस निघून जातात. दात येण्याने रक्त पडत नाही. लहान मुलांतील अशा रक्ती आवेचे मुख्य कारण शिगेला हा जिवाणू असून तो मोठ्या आतड्याच्या अस्तरातच शिरून जखमा करतो. म्हणून इथे ओआरएसच्या जोडीला योग्य प्रतिजैविक लागते आणि ते डॉक्टरांनीच ठरवायला हवे. दुकानातल्या त्या बाटलीतील ऑर्निडाझोल अमिबावर चालते, शिगेलावर नाही, आणि ऑफ्लोक्सासिनच्या गटातील औषधांना आपल्याकडचे शिगेला बऱ्याच प्रमाणात दाद देईनासे झाले आहेत. ती दाद न देण्याची सवय त्यांना आपणच गरज नसताना पाजलेल्या औषधांनी लावली, हेही मान्य करावे लागेल. जुलाब ‘बांधणारी’ लोपेरामाइडसारखी गोळी लहान मुलाला देणे तर धोक्याचेच. शिवाय शिगेलाचे जेमतेम १० ते १०० जंतू पोटात गेले तरी आजार जडू शकतो, त्यामुळे मुलाचे शी-शू काढणाऱ्याने साबणाने हात न धुतल्यास घरातली इतर मुलेही आजारी पडतात.

ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने गोड पेयांच्या वेष्टनावर ‘ओआरएस’ हे नाव छापण्यास मनाई केली. वेष्टनावरचे नाव रोखता येते, तर चिठ्ठीशिवाय होणारी विक्री का रोखता येऊ नये? राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने दरवर्षी मे महिन्यातच दुकानांची तपासणी करावी आणि ‘शौचात रक्त दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा’ अशी पाटी प्रत्येक औषध दुकानात व अंगणवाडीत लावण्याची सक्ती करावी, ही विनंती.

आपला,
एक बालरोगतज्ज्ञ, सातारा