कागदावर न्यायाधीशाची सही आहे का, ते आधी पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या चर्चनी कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांना आसरा द्यावा का, यावर आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात बरीच खडाजंगी चालू आहे. एक बाजू म्हणते, देवाच्या दारात पोलिसांचे काय काम? दुसरी म्हणते, चोर गाभाऱ्यात जाऊन बसला म्हणून साव होतो का? दोघांनीही एक गोष्ट धरूनच ठेवली आहे, की चर्चच्या उंबऱ्याआत सरकारचा हात पोचत नाही. तो पोचतो. लातूर, नांदेड, संभाजीनगरकडच्या ज्या घरांतली मुले तिकडे शिकायला किंवा नोकरीला गेली आहेत, त्या घरांनी तरी या समजुतीवर विसंबू नये, म्हणून हे पत्र.

इंग्लंडात एके काळी चर्चमध्ये शिरलेल्या आरोपीला 40 दिवस हात लावता येत नसे. ती सवलत 1624 साली कायद्यानेच काढून घेतली. अमेरिकेच्या कायद्यात तर ती कधी आलीच नाही. 24 मार्च 1982 रोजी ॲरिझोनातल्या टूसॉन शहरातल्या साउथसाइड प्रेस्बिटेरियन चर्चने एल साल्वादोर आणि ग्वातेमालातून जीव मुठीत धरून आलेल्यांना दार उघडले, तेव्हा पाळक जॉन फाइफ यांनी आधी देशाच्या ॲटर्नी जनरलला पत्र धाडले की थारा देण्याविरुद्धचा कायदा आम्ही उघडपणे मोडणार आहोत. चर्चबाहेर कापडी फलक लावले, पत्रकार बोलावले. सरकारने पगारी खबरे प्रार्थनेच्या बैठकांत घुसवले, त्यांच्या अंगावर टेपरेकॉर्डर लपवून. खटला 11 जणांवर चालला, 1986 मध्ये 8 दोषी ठरले, तुरुंगात मात्र एकही गेला नाही. दरम्यान 1985 मध्ये चर्चनीच सरकारवर दावा लावला होता आणि 1991 च्या तडजोडीत त्या दोन देशांच्या लोकांचे आश्रयासाठीचे फेटाळलेले अर्ज सरकारला नव्याने ऐकावे लागले.

हा गाजावाजा हौसेचा नव्हता. तिथल्या कायद्यात बेकायदा राहणाऱ्याला ‘लपवणे, थारा देणे किंवा नजरेआड ठेवणे’ हा गुन्हा आहे आणि त्याला 5 वर्षांपर्यंत कैद आहे. नाव-पत्ता जाहीर केला की ‘लपवले’ हा आरोप लंगडा पडतो. ‘थारा दिला’ हा मात्र तरीही उरतोच. आता ज्याला आपण सरसकट चोर म्हणतो त्याचे पाहा. व्हिसाची मुदत उलटून राहणे ही तिथे दिवाणी बाब आहे. त्याची परिणती हद्दपारीत होते, तुरुंगाच्या शिक्षेत नाही. चोरवाटेने सरहद्द ओलांडणे हा गुन्हा आहे, पण पहिल्या वेळेस त्याला जास्तीत जास्त 6 महिने. म्हणजे कित्येकदा पाहुण्यापेक्षा यजमानाच्या डोक्यावरची तलवार जड असते.

मग इतकी वर्षे अधिकारी चर्चच्या दारात का गेले नाहीत? एका परिपत्रकामुळे. स्थलांतर कायदा राबवणाऱ्या ‘आइस’ या खात्याने ऑक्टोबर 2011 मध्ये आपल्याच माणसांना सांगितले की शाळा, दवाखाने, प्रार्थनास्थळे इथे सहसा कारवाई नको. 2021 मध्ये ते अधिक कडक झाले. 20 जानेवारी 2025 रोजी, नवे सरकार आले त्याच दिवशी, ते रद्द झाले. परिपत्रकाने दिलेले परिपत्रकाने गेले. संसदेत जावेच लागले नाही. आठवड्याच्या आत क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी मेरीलँडच्या संघीय न्यायालयात दावा लावला. त्यात पुढे बॅप्टिस्टांची एक संघटना आणि सॅक्रामेंटोचा एक गुरुद्वाराही सामील झाला (नांदेडकरांनी हे मुद्दाम लक्षात घ्यावे). 24 फेब्रुवारीला मनाई हुकूम मिळाला, पण फक्त वादींच्या वास्तूंपुरता. एप्रिलमध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयाने मेनोनाइट हा ख्रिस्ती पंथ आणि इतर दोन डझनांवर धार्मिक संस्थांना तसाच हुकूम नाकारला. म्हणून रस्त्याच्या अलीकडच्या प्रार्थनाघराला हुकूम लागू आणि पलीकडच्याला नाही, असा प्रकार होऊ शकतो. जुलै 2025 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोच्या बिशपांनी, अटकेची धास्ती वाटणाऱ्यांनी रविवारच्या मिस्साला (कॅथलिक उपासनेला) आले नाही तरी चालेल, अशी अधिकृत सूट दिली. आसरा देणारी वास्तूच लोक टाळू लागले.

खरा बचाव भिंतीत नसून दारावर आलेल्या कागदात असतो. आपल्याकडे बँकेच्या वसुली खात्याची नोटीस आणि दिवाणी न्यायालयाचा जप्ती हुकूम यांतला फरक शेतकऱ्याला पाठ असतो, इथेही तेच. ‘आय-200’ किंवा ‘आय-205’ छापलेला कागद हा खात्याचा स्वतःचा हुकूम. वर गृहसुरक्षा खात्याचे नाव, खाली त्या खात्याच्याच अधिकाऱ्याची सही. त्यावर माणूस पकडता येतो, पण खासगी भागाचे दार उघडायला भाग पाडता येत नाही. दुसरा कागद न्यायालयाचा: वर ‘युनायटेड स्टेट्स डिस्ट्रिक्ट कोर्ट’, खाली न्यायाधीशाची किंवा मॅजिस्ट्रेटची सही, मध्ये नेमका पत्ता आणि मुदत. झडतीचा हुकूम 14 दिवसांच्या आत बजावावा लागतो. तो असेल तर बाजूला व्हायचे, वाद घालायचा नाही. म्हणून जाणती चर्च दार उघडण्याआधी कागद फटीतून आत सरकवायला किंवा काचेला लावायला सांगतात, फोटो काढतात आणि वकिलाला पाठवतात. हे काम कोणी करायचे ते आधीच ठरलेले असते. बाकी सगळे गप्प. गोंधळ होतो तो इथेच. दारावरचा स्वयंसेवक घाबरून ‘या ना’ म्हणतो आणि ती संमती धरली जाते. शिवाय प्रार्थनेचे सभागृह सर्वांना खुले असते तेव्हा अधिकाऱ्यालाही खुले असते. खासगी हवी ती राहण्याची खोली: वेगळे दार, कुलूप, ‘खासगी’ अशी पाटी. वाहनतळ तर जवळजवळ रस्ताच.

या खोलीत राहणे म्हणजे काय, याचा विचार इथे बसून हळहळणारे किंवा संतापणारे करत नाहीत. बहुतेक चर्चमध्ये स्वच्छतागृह असते, न्हाणीघर नसते; नळजोडणीपासून सुरुवात. मग धुराचा अलार्म, बाहेर पडायला दुसरी वाट, विमा कंपनीला कळवणे, कारण सभागृहाचा विमा मुक्कामाला लागू पडेलच असे नाही. रोज तीन पाळ्या आणि पाळीला दोन माणसे धरली तरी आठवड्याला 42 नावे भरावी लागतात. पहिल्या महिन्यात यादी ओसंडते, सहाव्या महिन्यात रात्रपाळीला माणूस मिळत नाही. दात दुखला तर डॉक्टर आत आणायचा. मुले शाळेत जातात, आई फाटकापर्यंतच.

उंबऱ्याबाहेर एक पाऊल पडले की संपले. शिकागोच्या ॲडलबर्टो युनायटेड मेथडिस्ट चर्चमध्ये एल्विरा अरेयानो वर्षभर राहिल्या. ऑगस्ट 2007 मध्ये सभेसाठी लॉस एंजेलिसला गेल्या, तिथे अटक झाली आणि लगेच मेक्सिकोला रवानगी. नॉर्थ कॅरोलिनातल्या डरॅममध्ये 11 महिने चर्चमध्ये काढलेल्या एका बापाला नोव्हेंबर 2018 मध्ये ‘यूएससीआयएस’ने, म्हणजे स्थलांतराचे अर्ज पाहणाऱ्या सरकारी खात्याने, बोटांच्या ठशांसाठी कार्यालयात बोलावले आणि तिथेच ‘आइस’ने पकडले. गाडीभोवती कडे करून प्रार्थना म्हणणारे 27 जणही अटकेत गेले. 2019 मध्ये तर चर्चमध्ये राहणाऱ्यांना दंडाच्या नोटिसा गेल्या. ओहायोतल्या एका बाईला जवळजवळ 5 लाख डॉलरची. तो दंड पुढे मागे घेतला, पण बाई चर्चबाहेर पडली ती फेब्रुवारी 2021 मध्ये, आत गेल्यापासून तीनहून जास्त वर्षांनी. या मुदतीत वकील हद्दपारीला स्थगिती मागतो, केस पुन्हा उघडायचा अर्ज करतो. केसमध्ये अशी वाट उरलेल्या माणसाला चर्चचा उपयोग आहे. केसमध्ये काहीच उरले नसेल तर तो नुसता वर्षे मोजत बसतो, आणि असे वकिलाने स्पष्ट सांगितल्यावरही त्याला आत घेणारी चर्च त्याच्यावर उपकार करत नाही.

भिंतीलाच थोडाफार कायदेशीर अर्थ आहे अशी उदाहरणे युरोपात सापडतात. नेदरलँड्समध्ये उपासना चालू असताना अधिकाऱ्याने आत शिरायचे नाही, असा नियम आहे. हेग शहरातल्या बेथेल चर्चने आर्मेनियातून आलेल्या एका कुटुंबासाठी 26 ऑक्टोबर 2018 ला उपासना सुरू केली ती 30 जानेवारी 2019 पर्यंत, 96 दिवस, रात्रंदिवस थांबवलीच नाही. देशभरातून शेकडो पाळक पाळीपाळीने आले. आपल्याकडे अखंड हरिनाम सप्ताहाची वीणा खाली ठेवत नाहीत, तसेच. जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसवलेल्या गावाचे नावही बेथेलच. जालनेकरांना गंमत वाटेल.

अमेरिकेला नावे ठेवणाऱ्यांनी आणि तिथल्या चर्चचे गोडवे गाणाऱ्यांनीही आपला कायदा एकदा वाचावा. 1988 च्या धार्मिक संस्था (दुरुपयोग प्रतिबंध) अधिनियमाप्रमाणे कोणत्याही गुन्ह्यातल्या आरोपीला किंवा दोषीला मंदिर, मशीद, गुरुद्वारा, चर्चच्या आवारात थारा देणे हा गुन्हा आहे. 5 वर्षांपर्यंत कैद आणि 10 हजारांपर्यंत दंड. परकीयाने व्हिसाची मुदत उलटून राहणे आपल्याकडे दिवाणी बाब नाही. 2025 च्या नव्या कायद्यात त्याला 3 वर्षांपर्यंत कैद आहे. वेरूळच्या वाटेवरच्या हॉटेलवाल्यापासून नांदेडच्या यात्री निवासापर्यंत परदेशी मुक्कामाला आला की 24 तासांत कळवायचे, हे ‘सी फॉर्म’ भरणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. लंगरात पंगतीला बसवणे वेगळे आणि खोली देणे वेगळे.

कायदेशीर व्हिसासाठी रांगेत ताटकळणाऱ्यावर अन्याय होतो, हा विरोधकांचा मुद्दा मला खोटा वाटत नाही. पण उपासनेला आलेल्यांतून माणूस उचलायची पद्धत पडली की लोक यायचेच थांबतात, हे सॅन बर्नार्डिनोने दाखवले आहे.

5 फेब्रुवारी 2025 रोजी अमृतसरला उतरलेल्या लष्करी विमानातल्या 104 जणांत महाराष्ट्राचे तिघे होते. आपल्या मुलांचा प्रश्न बहुधा नोकरी सुटण्याचा किंवा कॉलेजची हजेरी तुटण्याचा असतो. एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली तर 60 दिवसांपर्यंत मुदत मिळते. बेकायदा मुक्काम 180 दिवसांच्या वर गेला आणि मग देश सोडला, तर 3 वर्षे परत येता येत नाही. वर्षभर झाला तर 10 वर्षे. चर्चमध्ये बसले तरी हे दिवस मोजले जातातच. स्वतःहून निघण्याची परवानगी न्यायालयाकडून वेळेत मागितली तर 120 दिवसांपर्यंत मिळू शकते आणि हद्दपारीचा शिक्का टळतो. तिथे सरकारी खर्चाने वकील मिळत नाही, तेव्हा पैसे विमानाच्या तिकिटाआधी वकिलासाठी बाजूला ठेवा.

घरी एका फाइलमध्ये पासपोर्ट, व्हिसा आणि काम-परवान्याच्या कार्डाची झेरॉक्स असू द्या. त्या कार्डावरचा ‘यूएससीआयएस’ क्रमांक हाच ए-नंबर, म्हणजे परदेशी माणसाचा तिथला नोंदणी क्रमांक. मूल अचानक फोनवर येईनासे झाले तर ‘आइस’च्या संकेतस्थळावर हा क्रमांक आणि जन्मदेश टाकून ते कोणत्या कोठडीत आहे ते शोधता येते, आकडे नऊपेक्षा कमी असतील तर पुढे शून्ये लावायची. क्रमांक नसेल तर नावाने शोधावे लागते, आणि नाव अक्षरन् अक्षर जुळले तरच सापडते. आपल्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात बऱ्याचदा बापाचे नावही जोडलेले असते. तेव्हा एकदा नुसत्या नावाने आणि एकदा बापाच्या नावासकट, असे दोन्ही करून पाहा.

आपला,
एक वकील वाचक, नांदेड