रात्री बारा ते चारच्या पाळीवर असलेल्या मुलास

चि. बाबूस अनेक आशीर्वाद.

खालच्या वाड्यावरचा सुतारांचा मुलगा पुढच्या आठवड्यात सिंगापूरला तुझ्याच जहाजावर चढतोय, हे त्याच्या आईकडून देवळात कळलं. त्याच्याकडे हे पत्र आणि एक पिशवी देते आहे. पिशवीत तोरांचं, म्हणजे कोवळ्या कैऱ्यांचं लोणचं आहे, आमसोलं आहेत आणि दोन पुस्तकं आहेत. पुस्तकं बघून लगेच कपाळाला आठ्या घालू नकोस. शिगम्यानंतर निघालास तेव्हा वजन जास्त होतं म्हणून तू ती बॅगेतून काढलीस, आणि मग आपण दोघं एकमेकांना जे बोललो ते बोललो. तो विषय आज काढायचा नाही असं ठरवूनच मी लिहायला बसले आहे.

रविवारी फोनवर तू म्हणालास, "आई, पाळी संपली तरी झोप येत नाही." पुढचं ऐकू येईपर्यंत फोन तुटला. बाबांनी विचारलं काय म्हणत होता, मी म्हटलं बरा आहे, जेवतो आहे. पण ते वाक्य काही डोक्यातून जात नाही. रात्री बारा ते चार तू जहाजाच्या ब्रिजवर उभा, समोर काळोख, बरोबर तो एक साहेब आणि तोही तुझ्या भाषेचा नाही. चार वाजता खाली येतोस, अंगावरचे कपडे काढतोस, आणि मग? मोबाइलमध्ये भरून नेलेलं सगळं एव्हाना दोनदा बघून झालं असेल. त्या वेळात तू काय करतोस, एवढंच मला विचारायचं आहे. इथे माझेही डोळे पहाटे उघडतात, पाववाल्या पदेराचा भोंपू वाजेपर्यंत मी छपराकडे बघत पडून असते आणि तुझ्या त्या खोलीचा विचार करते.

मामाचं नाव घेतलं की तू चिडतोस. घेणार नव्हतेच. पण बाबू, तोही तारवटी, जहाजावरचाच माणूस होता आणि तोही असाच हसतखेळत गेला होता. पहिली दोन वर्षं लांबलचक पत्रं यायची, मग चार ओळी, मग नुसती खुशाली. परत आला तेव्हा पैसे होते, घड्याळ होतं, पण माणूस बोलायचा बंद झाला होता. बाकीचं तुला माहीत आहे. तू मामा नाहीस, हे मलाही कळतं.

श्रावण लागला. देवळात पोथी सुरू झाली आहे, वाचणारे दोघंच, ऐकणाऱ्या आम्ही सात-आठ बायका. आपल्या ओसरीवर आजो वाचायचे ते तुझ्या जन्माआधीचं, तुला नुसतं ऐकून ठाऊक. मला मात्र आजीच आठवते. ह्या घरात नवी होते तेव्हा मला वाटायचं, हिला अक्षरओळख नाही, ही नुसती वाती वळत बसते. एकदा आजोंची एक ओवी गळली. आजी काही बोलली नाही. फक्त मांडीवर वात वळणारा हात थांबला. आजोंनी चष्मा वर केला, बोट मागे नेलं, गळलेली ओवी म्हटली, आणि तो हात पुन्हा चालू झाला. अख्खी पोथी तिच्या डोक्यात होती आणि ते ओसरीवर बसलेल्या कुणाला सांगायची तिला गरजच नव्हती. थोरले काका गेले त्या वर्षी सगळ्यांना वाटलं, यंदा पोथी नाही. चौदाव्या दिवशी संध्याकाळी तिनंच पाट मांडला आणि म्हणाली, वाचा. तिला त्या आवाजाशिवाय रात्र काढता येत नव्हती. देवाधर्माची गोष्ट मी करत नाहीये, तू मानत नाहीस तर नको मानूस. रात्र काढायची गोष्ट करते आहे.

तुझ्यासारख्याच एका तरुणाची हकिगत सांगते. पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात मी निवृत्तीनंतर जाऊ लागले, तिथे वाचली. फादर स्टीफन्स, इंग्लंडमधला. 1579 च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून जहाजात बसला आणि 24 ऑक्टोबरला गोव्याला लागला. उतरल्यावर दोन-अडीच आठवड्यांतच त्यानं पत्र लिहिलं, कुणाला, तर आपल्या वडिलांना. शाळेत आम्ही फक्त त्याच्या ख्रिस्तपुराणाबद्दल शिकवायचो. हे पत्र आहे हे मला ठाऊकच नव्हतं. विषुववृत्तापाशी वारा पडतो आणि जहाज जागच्या जागी राहतं, ते त्यात आहे. उडणारे मासे आहेत. पक्षी दिसले की खलाशी त्यावरून जमीन कुठे असेल ते ताडत. भारत जवळ आला असं वाटत होतं तेव्हा ते प्रत्यक्षात तांबड्या समुद्राच्या तोंडाशी, सोकोत्रा बेटाजवळ भरकटले होते. ताजं खाणं नाही, पाणी नाही, लोकांच्या हिरड्या सुजून यायच्या. दीडशेहून जास्त आजारी पडले आणि 27 जण वाटेत गेले.

हे शेवटचं कशाला लिहिलं मी. तुमच्याकडे भाज्या असतात, डॉक्टरशी बोलता येतं, तूच सांगितलं होतंस. तरी फळ मिळालं तर खात जा.

मला सांगायचं होतं ते त्याच्या पुढचं. हा माणूस मग चाळीस वर्षं इथेच राहिला, इथेच साष्टीत गेला. इथली भाषा इतकी शिकला की तिच्यात पुराण लिहिलं, मराठी ओव्यांमध्ये, जवळजवळ अकरा हजार ओव्या. 1616 साली ते राशोलला छापलं. आणि का लिहिलं, ते त्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच आलं आहे. नव्यानं ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण विचारतो की, तुम्ही आमची जुनी पुराणं वाचायची बंद केलीत, मग आता आम्ही वाचायचं काय? किती साधा प्रश्न आहे बघ. देव बदलला होता, नाव बदललं होतं, तरी संध्याकाळ व्हायचीच, आणि संध्याकाळी चार माणसं बसली की त्यांना काहीतरी वाचायला हवं होतं. त्या काळाबद्दल आपल्या घरात जे बोललं जातं ते तू ऐकलं आहेस, ते खोटं नाही. 1684 साली तर लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं असा विजरईचा हुकूम निघाला. तरीही ते पुराण टिकलं. 1616 ची छापील प्रत आज कुठेच नाही, पुढच्या दोन आवृत्त्यांच्याही नाहीत. ते राहिलं ते लोकांनी हातांनी उतरवून घेतल्यामुळे. गोवा सोडून कर्नाटकात गेलेल्या ख्रिस्ती घरांतून त्याच्या वह्या जपल्या गेल्या आणि त्यांवरून 1907 साली मंगळुरूला ते पुन्हा छापलं. कोण ती माणसं, काय काय घेऊन निघाली असतील, आणि त्यांत अकरा हजार ओव्यांचं ओझं! त्यांनाही वजन जास्त झालं असेलच.

झालं, काढलाच विषय. सोड.

आपलंही तेच. आपली शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली, आपणही तिच्यामागून अंत्रुजात, फोंड्याच्या बाजूला आलो. त्याच केळशीचा कृष्णदास शामा, ज्याचं नाव त्या ग्रंथालयाला दिलं आहे. त्यानं 1526 साली श्रीकृष्णाचं चरित्र मराठी ओव्यांत रचलं, आज त्याला पाचशे वर्षं होतात. नंतर त्या गावात काय काय झालं आणि त्याचं लिखाण मात्र आपल्यापर्यंत आलं. एवढंच कशाला, पोर्तुगालात ब्रागा नावाच्या गावातल्या ग्रंथालयात आपल्याकडच्या रामायण-महाभारताच्या कथा रोमन लिपीत उतरवलेल्या आहेत. पाद्र्यांनी भाषा शिकण्यासाठी उतरवून घेतल्या होत्या. तुमचं जहाज कधी तिकडच्या बंदराला लागलं तर चौकशी कर. मला बघायला मिळायच्या नाहीत, तू बघशील.

पत्राचा वर्ग होतोय, कळतंय मला. तीस वर्षं फळ्यासमोर काढली की असं होतं, रागावू नकोस. बाबा म्हणतात, त्याला झोप येत नाही म्हणून तू त्याला इतिहास पाठवतेस की काय? पण मला दुसरं काय पाठवता येणार? मी तिथे येऊन तुझ्या डोक्यावर तेल घालू शकत नाही.

तुला वाचता येत नाही किंवा आवडत नाही हे मी कधीच मानलं नाही. तिसरीत होतास, काल्याच्या नाटकाला. गल्लीतले सगळे काका महिनाभर आपल्या अंगणात तालमी करायचे आणि तू खांबाला टेकून बसायचास. प्रयोगाच्या रात्री दुसऱ्या अंकात सेनापती अडकला. प्रॉम्प्टरच्या हातातल्या वहीचं पान उलटंसुलटं झालं होतं. तेव्हा विंगेतून एक बारीक आवाज आला, आणि पुढचं अख्खं वाक्य आलं, "महाराज" सकट. सेनापतीनं ते उचललं आणि नाटक पुढे गेलं. रात्री तुला उचलून घरी आणताना बाबांचे डोळे भरले होते. ते तुला सांगणार नाहीत म्हणून मी सांगते. पहाटेपर्यंत तू झोपेत बडबडत होतास, सगळ्यांची वाक्यं, राणीचीसुद्धा.

म्हणजे झोपेतही तुझ्याजवळ काहीतरी होतं. नंतर ते कुठे गेलं? परीक्षा आल्या, क्लास आले, पुस्तक म्हणजे गुण असं झालं. त्यात शाळेचा वाटा आहे, आणि शाळा म्हणजे आम्हीच. पण तुझ्याजवळ होतं ते अजून असणारच.

आता पिशवीतल्या पुस्तकांबद्दल. एक बाकीबाबांच्या, म्हणजे बा. भ. बोरकरांच्या कविता. बोरीचे, आपल्या अंत्रुजातलेच, 1910 चा जन्म. कोंकणीत लिहिलं आणि मराठीतही लिहिलं, कशाला कमी म्हटलं नाही. घरात कोंकणी आणि पोथीत मराठी अशीच आपलीही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत, म्हणून त्यांचं वाचताना मला कधी परकं वाटलं नाही. त्यात माड आहेत, नदी आहे, पाऊस आहे, सगळं तुझ्या ओळखीचं. मनात वाचू नकोस, मोठ्यानं वाच. केबिनचं दार लावलं की कोण ऐकतंय? दिवसभर इंग्रजीत हुकूम ऐकून आणि देऊन तुझ्या कानांना आपला आवाज ऐकायला मिळत नसेल. मोठ्यानं वाचलं की श्वास लांब होतो आणि श्वास लांब झाला की झोप येते. हे मी माझ्या अनुभवावरून सांगते, तुझ्या जन्माच्या वेळी मीही महिनोन्‌महिने जागी होते.

दुसरी आहे ती आजोंची वही. पोथी नाही पाठवत, तिची पानं आता बोट लावलं तरी सुटतात. यंदा पाऊस इतका लागला की कपाटाच्या पाठीमागे भिंत ओली झाली. तीन दिवस उघडीप मिळाली तेव्हा सगळं बाहेर काढून ओसरीच्या सावलीत पसरलं. उन्हात ठेवायची नसतात, कागद कडक होऊन मोडतो. तीन पुस्तकांत कसर सापडली. झटकून घेतली, नवं वेखंड ठेवलं, पोथी धुतलेल्या बासनात बांधली. वही मात्र ठणठणीत निघाली. आजोंना आवडलेल्या ओव्या, अभंग, नाटकातली पदं त्यांनी तीत उतरवून ठेवली आहेत, कुणाचं काय ते सगळीकडे लिहिलेलं नाही. निम्म्याहून जास्त पानं कोरी आहेत. ओल कोंडली की शाई फुटेल, म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता कपड्यांच्या मध्ये कोरडी ठेव. मी तिची नक्कल करून ठेवलेली नाही. का पाठवते ते मला नीट सांगता येत नाही, पण आजोंच्या खोलीत ती ठेवण्यापेक्षा तुझ्याकडे असावी असं वाटलं. बाबा आधी नको म्हणाले, मग त्यांनीच वर कापडाचं वेष्टण शिवून आणलं.

वाचायचं नसेल तर नको वाचूस. उशाशी ठेव. पण झोप आली नाही तर त्या दारूच्या वाटेला मात्र... नाही, लिहीत नाही. तुझ्यावर विश्वास आहे म्हणूनच तर समुद्रावर पाठवलं.

पुढच्या फोनमध्ये खुशाली सांगू नकोस, ती मला तुझ्या आवाजावरून कळते. काय वाचलंस आणि किती वाजता झोपलास, एवढं सांग.

तुझी,
आई

ता. क. मामाला मी काही सांगितलेलं नाही. काल तो आला होता, तू कुठल्या पाळीवर आहेस विचारलं, बारा ते चार म्हटल्यावर बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, ती पाळी त्यालाही होती. इतक्या वर्षांत जहाजाबद्दल त्याच्या तोंडून हे पहिलं वाक्य. त्याचा नंबर तोच आहे, दुपारी तो घरी असतो. त्याला एक फोन कर.