बोटवाल्या काकांना, ज्यांनी माझ्या लाइफ जॅकेटचे खांदे ओढून बघितले

काका,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. ओल्या कपड्यांत थरथरत, लेकीला पोटाशी धरून मी तशीच निघून आले, तुम्हाला नीट थँक्यूसुद्धा म्हणाले नाही. आज बारा दिवस झाले, तरी रात्री डोळे मिटले की ते गार पाणी आठवतं आणि त्याच्यामागोमाग तुमचे हात आठवतात. म्हणून हे लिहितेय. तुम्ही वाचाल की नाही माहीत नाही, पण कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेल असं वाटतं.

तुम्ही मला पाण्यातून बाहेर काढलंत, ते तर आहेच. पण माझ्या मनात घर करून बसलीये ती त्याच्या आधीची अर्ध्या मिनिटाची गोष्ट. बोट सुटायला उशीर होत होता, मागे रांग होती, लोक "चला की हो" म्हणून ओरडत होते आणि तुम्ही मात्र शांतपणे एकेकाचं जॅकेट बघत येत होतात. आधी माझ्या सहा वर्षांच्या लेकीचं बघितलंत. दोन्ही खांद्यांना धरून वर ओढलंत तर जॅकेट थेट तिच्या कानापर्यंत आलं! तुम्ही ते काढून लहान मापाचं आणलंत, दोन पायांमधला पट्टासुद्धा बांधलात. मग माझ्याकडे वळलात. माझं बकल उघडंच होतं. मी म्हटलं, "मला पोहता येतं काका." त्यावर तुम्ही ना चिडलात ना हसलात, एवढंच म्हणालात, "येत असेल ताई, पण पडताना डोकं आपटलं तर पोहणार कोण?" आणि गुडघ्यावर बसून दोन्ही बाजूंचे पट्टे आवळलेत, परत खांदे ओढून बघितलेत, जॅकेट हललं नाही तेव्हाच उठलात. मला तेव्हा जरा रागच आला होता, खोटं कशाला बोलू.

पुढचं सगळं इतकं पटकन झालं की अजूनही सलग आठवत नाही. लेकीची टोपी उडाली, ती पकडायला मी अर्धवट उभी राहिले, तेवढ्यात शेजारून गेलेल्या बोटीची लाट आली आणि मी पाण्यात. वरून ऊन एवढं की अंग भाजत होतं आणि पाणी मात्र बर्फासारखं. असं काही होतं हे मला माहीतच नव्हतं, तापलेल्या अंगाला एकदम गार पाणी लागलं की माणूस आपोआप जोरात श्वास आत ओढतो, थांबवायचा म्हटला तरी थांबत नाही, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असलं तर संपलंच. मी वीस वर्षं पोहतेय काका, पण त्या पहिल्या मिनिटात मला एक हातसुद्धा नीट मारता आला नाही. ओरडायचं होतं, आवाजच फुटला नाही. तोंड पाण्याच्या वर राहिलं ते फक्त त्या जॅकेटमुळे. बकल उघडं असतं तर ते डोक्यावरून निघून गेलं असतं आणि मी खालीच राहिले असते.

तुम्ही आधी इंजिन बंद केलंत, मग सगळ्यांना "खाली बसा, कुणी उडी मारायची नाही" म्हणून दरडावलंत. माझा नवरा उडी मारायलाच निघाला होता, त्याला पोहता येत नाही. मग मला म्हणालात, "हातपाय मारू नका ताई, पाठीवर पडून राहा, श्वास येईल." आणि तो आला. मग वल्हं पुढे केलंत.

मला राग येतो तो गेल्या उन्हाळ्यातल्या त्या दुसऱ्या जागेचा. तिथे जॅकेटं कोपऱ्यात ढीग करून टाकलेली, निम्म्यांची बकलं तुटलेली, मी विचारलं तर बोटवाला म्हणाला, "दहा मिनिटांची तर फेरी आहे, पाणीपण खोल नाहीये." सीट होत्या त्याच्यापेक्षा जास्त माणसं भरली आणि आम्हीही चढलो, जॅकेट मांडीवर ठेवून! काही झालं नाही हे आमचं नशीब. पण काही झालं नाही म्हणूनच तर या वर्षी मी बकल उघडं ठेवून बसले होते ना? त्या माणसाने मला ती सवय लावली, तुम्ही ती मोडलीत.

घरी आल्यावर झोप येईना म्हणून वाचत बसले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२१ या एका वर्षात जगभरात साधारण ३ लाख माणसं बुडून गेली, आणि त्यातली जवळपास निम्मी तिशीच्या आतली. २५ जुलैला यासाठी जागतिक दिवसही पाळतात, मला पत्ताच नव्हता. ते आकडे वाचताना सारखं एकच डोक्यात येत होतं, की यातल्या कितीजणांचे खांदे कुणी ओढून बघितले असतील? तुम्हाला त्याचे जास्तीचे पैसे मिळत नाहीत, उलट रांगेतल्या लोकांची बोलणी खावी लागतात, दिवसाला एकदोन फेऱ्या कमी होत असतील. तरी तुम्ही प्रत्येकापुढे गुडघ्यावर बसता. कुणी बघत नसताना काम नीट करणारी अशी माणसं आहेत म्हणून आपण लेकरांना घेऊन घराबाहेर पडू शकतो, मला खरंच असं वाटतं.

आणि हो, काठावर उतरताना तुम्ही म्हणाला होतात ना, "खोकला राहिला, दम लागला तर थांबू नका, लगेच डॉक्टरकडे जा." रात्री खोकला लागला तेव्हा तेच आठवलं आणि आम्ही गेलो. रात्रभर तिथे ठेवून घेतलं. आता मी ठणठणीत आहे.

लेकीला पाण्याची भीती बसेल असं वाटलं होतं. काल म्हणाली, आपण परत त्या आजोबांच्या बोटीत जाऊया. येऊ आम्ही काका. जॅकेट ती स्वतः बांधणार आहे, तुम्ही फक्त खांदे ओढून बघा.

तुमची,
टोपी पकडायला गेलेली ताई